सीएफएल दिव्याची रचना आणि विकास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील घरांत, दुकानांत आणि पोल्ट्रीच्या शेडमध्ये आता नवे सीएफएल (कॉम्पॅक्ट फ्लुरोसंट लॅम्प) क्वचितच लागतात. तरीही जुने दिवे अजून होल्डरमध्ये आहेत, काही माळ्यावरच्या खोक्यात पडून आहेत, आणि वायरमनच्या टेबलावर उघडलेल्या अवस्थेत विद्यार्थ्यांना हमखास भेटतात. त्यांच्याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. या दिव्याचा सगळा विकास दोन वस्तू लहान करण्याच्या खटपटीतून झाला: एक काचेची नळी आणि दुसरा तिच्यातला विद्युतप्रवाह आवरणारा चोक. नळीचा प्रश्न शास्त्रज्ञांनी उत्तम सोडवला. चोक मात्र लहान करून नळीच्याच बुडाशी कोंडला गेला आणि ग्राहकांच्या बहुतेक तक्रारी तेथूनच सुरू झाल्या. पुढील उत्तरे वाचताना ही गोष्ट लक्षात असावी.

सीएफएल आणि ट्यूबलाइट यांत मूळ फरक काय आहे?

तत्त्वाचा फरक काहीच नाही. दोन्हींमध्ये पाऱ्याची वाफ, दोन टोकांना फिलामेंट आणि काचेला आतून लावलेली पांढरी भुकटी असते. ट्यूबलाइटची नळी सरळ आणि लांब असते, तिचा चोक आणि स्टार्टर पट्टीवर वेगळे बसवलेले असतात. सीएफएलमध्ये नळी दुमडून किंवा पिळून आखूड केलेली असते आणि चोकचे काम करणारे सर्किट दिव्याच्या प्लास्टिकच्या बुडात असते, म्हणून तो पिवळ्या बल्बच्या होल्डरमध्ये सरळ बसतो.

नळीत उजेड नेमका कसा तयार होतो?

नळीतील हवा काढून तिच्यात अत्यंत कमी दाबाने आर्गॉनसारखा वायू आणि काही मिलिग्रॅम पारा भरलेला असतो. टोकाच्या टंगस्टन फिलामेंटवर बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि कॅल्शियम यांच्या ऑक्साइडचा लेप असतो. तो तापला की त्यातून इलेक्ट्रॉन सहज बाहेर पडतात. हे इलेक्ट्रॉन पाऱ्याच्या अणूंवर आदळतात आणि त्या अणूंमधून मुख्यतः २५३.७ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण निघतात, जे डोळ्यांना दिसत नाहीत. काचेच्या आतील भुकटी, म्हणजे फॉस्फर, हे किरण शोषून दृश्य उजेड बाहेर टाकते. आपण पाहतो तो उजेड वायूचा नसून जवळजवळ सगळा या भुकटीचा असतो, म्हणून उजेडाचा रंग आणि दर्जा तिच्यावर ठरतो.

येथेच चोकची गरज कळते. नळीतून एकदा विद्युतप्रवाह सुरू झाला की तिचा विरोध वाढण्याऐवजी घटतो, प्रवाह वाढतच जातो, आणि त्याला आवर घालणारे काही नसेल तर नळी काही क्षणांत निकामी होते.

या तंत्राची सुरुवात कधी झाली?

अमेरिकेत पीटर कूपर हेविट यांनी १९०१ मध्ये पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याचे पेटंट मिळवले. तो दिवा वीज कमी खात असे, परंतु त्याच्या हिरवट निळ्या उजेडात माणसाचा चेहरा आजारी दिसे, त्यामुळे तो घरात शिरू शकला नाही. जर्मनीत एडमंड गेर्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२६ मध्ये काचेला आतून फॉस्फर लावण्याची कल्पना पेटंटसाठी मांडली. जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॉर्ज इनमन यांच्या गटाने १९३४ मध्ये वापरण्याजोगा नमुना तयार केला आणि १९३८ मध्ये ट्यूबलाइट विक्रीस आली. पुढे १९४२ मध्ये ब्रिटनमध्ये कॅल्शियम हॅलोफॉस्फेट या स्वस्त आणि टिकाऊ फॉस्फरचा शोध लागला. आपल्या शाळा-कचेऱ्यांतील जाड ट्यूब कित्येक दशके त्यावरच चालल्या.

ट्यूब १९३८ मध्ये आली, मग ती लहान व्हायला चाळीस वर्षे का लागली?

या सर्व प्रश्नांत हा सर्वांत महत्त्वाचा आहे. नळी नुसती आखूड केली तर उजेड घटतो. तेवढाच उजेड हवा असेल तर नळी बारीक करून दुमडावी लागते आणि काचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर जास्त शक्ती ओतावी लागते. जुन्या जाड ट्यूबचा व्यास ३८ मिलिमीटर होता, सीएफएलच्या नळीचा सुमारे ७ ते १२ मिलिमीटर असतो. इतक्या अरुंद जागेत पाऱ्याचे किरण, विशेषतः १८५ नॅनोमीटरचे अधिक तीव्र किरण, भुकटीवर जोराने मारा करतात. हॅलोफॉस्फेटला हा मारा सोसत नाही. ते काळवंडते आणि उजेड भराभर उतरतो.

तोडगा रसायनशास्त्रातून आला. कोडाम आणि ऑपस्टेल्टेन या संशोधकांनी १९७१ मध्ये गणिताने दाखवले की डोळ्याला पांढरा वाटणारा आणि वस्तूंचे रंग बऱ्यापैकी खरे दाखवणारा उजेड मिळवण्यासाठी सगळे रंग असण्याची गरज नसते. निळा, हिरवा आणि लालसर नारिंगी अशा तीन अरुंद पट्ट्या योग्य जागी असल्या की पुरे. फिलिप्समध्ये फेरस्टेगेन यांनी १९७४ च्या सुमारास असे फॉस्फर प्रत्यक्षात मांडले. लाल पट्टीसाठी युरोपियमयुक्त यिट्रियम ऑक्साइड, हिरव्यासाठी टर्बियमयुक्त संयुग आणि निळ्यासाठी युरोपियमयुक्त बेरियम मॅग्नेशियम अ‍ॅल्युमिनेट ही त्यातील मुख्य नावे होत. ही दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये महाग होती, परंतु अरुंद नळीतला मारा सहन करणारी होती. फॉस्फरचा हा बदल झाला नसता तर पुढची सगळी कारागिरी निरुपयोगी ठरली असती, असे माझे स्पष्ट मत आहे; तरीही सीएफएलची गोष्ट सांगताना लोक पिळाच्या आकाराविषयीच बोलतात.

या महाग मालाची दुसरी बाजू २०११ मध्ये दिसली. चीनने दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या निर्यातीवर मर्यादा घातल्यानंतर फॉस्फरचे भाव भडकले आणि त्या वर्षी जगभर सीएफएल महागले.

पहिला सीएफएल कोणी बनवला?

याचे उत्तर ‘पहिला’ म्हणजे काय यावर अवलंबून आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर वीज वाचवण्याला जोर आला. त्या काळात जनरल इलेक्ट्रिकमधील अभियंते एडवर्ड हॅमर यांनी १९७६ मध्ये सर्पिल आकाराच्या नळीचा दिवा करून दाखवला. काच तापवून दुहेरी पिळात वळवणे, वळवलेल्या नळीत भुकटीचा थर सगळीकडे सारखा बसवणे आणि वेटोळी एकमेकांचा उजेड अडवणार नाहीत इतके अंतर राखणे, ही तिन्ही कामे त्यांनी साधली. परंतु त्यासाठी नवे कारखाने उभारण्याचा खर्च सुमारे अडीच कोटी डॉलर येणार होता, म्हणून कंपनीने उत्पादन हाती घेतले नाही. ती रचना पुढे बाहेर फुटली आणि इतरांनी उचलली. हॅमर यांचा नमुना आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे.

होल्डरमध्ये बसणारा सीएफएल दुकानात आणण्याचा मान फिलिप्सच्या एसएल मालिकेला जातो, ज्यातील दिवे १९८० मध्ये बाजारात आले. दुमडलेली बारीक नळी, तिरंगी फॉस्फर आणि आतच बसवलेला तांब्याच्या गुंडाळीचा चोक अशी त्यांची रचना होती. लोखंडी गाभ्याच्या चोकमुळे दिवा अर्ध्या किलोच्या आसपास भरे. लोंबत्या वायरीच्या होल्डरला तो टांगणे धोक्याचेच होते. त्याच सुमारास फक्त नळी बदलता येईल असे पिनचे दिवेही आले. सर्पिल दिव्याचे व्यापारी उत्पादन मात्र १९९५ पर्यंत रखडले आणि ते शांघायच्या एका कारखान्यातून सुरू झाले. तिथे काच वळवण्याचे बरेच काम हातांनी होत असल्याने, अमेरिकेत परवडला नाही तो आकार तेथे परवडला.

इलेक्ट्रॉनिक चोकमुळे काय बदलले? बुडाच्या आत काय असते?

ओस्राम या जर्मन कंपनीने १९८५ मध्ये इलेक्ट्रॉनिक चोक असलेला सीएफएल आणला आणि वजन, आवाज, लुकलुक या तिन्ही तक्रारी एकदम कमी झाल्या. तांब्याच्या चोकवर नळी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. इलेक्ट्रॉनिक चोक ती वारंवारिता बहुधा २० ते ५० किलोहर्ट्झपर्यंत नेतो, त्यामुळे डोळ्याला काही जाणवत नाही आणि तेवढ्याच शक्तीत नळी थोडा अधिक उजेडही देते.

बंद पडलेला दिवा उघडून पाहिला तर ही रचना नीट समजते. प्लास्टिकच्या बुडाचे दोन भाग खाचांनी अडकवलेले असतात. फटीत पातळ पेचकस फिरवला की ते सुटतात. आत दोन रुपयांच्या नाण्याहून थोडी मोठी तपकिरी पट्टी दिसते. कॅपकडून येणाऱ्या एका वायरीवर काळ्या नळीत लपवलेला फ्यूजचा रेझिस्टर असतो. त्यानंतर एसीचे डीसी करणारे चार डायोड आणि त्याला सपाट करणारा ४०० व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर येतो. पुढे १३००१ किंवा १३००३ मालिकेचे दोन ट्रान्झिस्टर आळीपाळीने सुरू-बंद होतात. त्यांना ताल देण्याचे काम तीन गुंडाळ्यांचे छोटे फेराइट कडे करते आणि पहिला धक्का देण्याचे काम डायअ‍ॅक नावाचा काचेचा बारीक भाग करतो. मोठी दिसणारी चौकोनी गुंडाळी म्हणजे खरा चोक. नळीच्या चार तारा बहुतेक वेळा झाळलेल्याही नसतात, पट्टीवरच्या चार खुंट्यांना नुसत्या घट्ट गुंडाळलेल्या असतात. स्वस्त दिव्यात यातले काय काय गाळले आहे हे मोजणे विद्यार्थ्यांसाठी उत्तम अभ्यास आहे: आधी फिलामेंट गरम करून मग नळी पेटवणारा पीटीसी सर्वांत आधी गाळला जातो आणि त्याच्या मागोमाग फिल्टरची गुंडाळी जाते.

यू आकाराची नळी चांगली की पिळाची?

उजेड चहूबाजूंना सारखा पसरण्यात पीळ सरस आहे. यू आकारात नळ्या सरळ असतानाच भुकटी लावता येते, त्यामुळे थर सारखा बसतो आणि उत्पादन सोपे होते. मात्र तीन-चार यू शेजारी उभे केले की आतल्या बाजूचा उजेड तिथेच अडकतो. टिकण्याच्या बाबतीत आकाराने फरक पडत नाही.

बटण दाबल्यावर लगेच पूर्ण उजेड का पडत नाही?

पाऱ्याची वाफ योग्य दाबाला यावी लागते आणि हा दाब नळीच्या सर्वांत थंड जागेच्या तापमानावर ठरतो. साधारण ४० अंश सेल्सिअसला नळी सर्वोत्तम चालते. महाबळेश्वर-पाचगणीच्या हिवाळ्यात उघड्या व्हरांड्यातला दिवा सुरुवातीची काही मिनिटे मलूल दिसतो, याचे कारण हेच. उलट, बंद ग्लोबमध्ये नळी फार तापली तर वाफ जास्त होऊन स्वतःचेच किरण शोषू लागते आणि उजेड पुन्हा उतरतो. यावर उपाय म्हणून काही दिव्यांत शुद्ध पाऱ्याऐवजी बिस्मथ, इंडियम अशा धातूंबरोबरचे पाऱ्याचे मिश्रण वापरतात. गरम जागेत असे दिवे स्थिर राहतात, परंतु पूर्ण तेजाला यायला एक-दोन मिनिटे जास्त घेतात. जिन्यात किंवा संडासात, जिथे माणूस दोन मिनिटेच थांबतो, तिथे सीएफएल कधीच योग्य नव्हता.

खोक्यावर हजारो तासांचे आयुष्य लिहिलेले असते, मग दिवा वर्षभरात कसा जातो?

प्रयोगशाळेत आयुष्य मोजताना दिवा खुल्या हवेत, स्थिर व्होल्टेजवर आणि काही तास सलग चालवून ठरावीक काळ बंद ठेवला जातो. आपल्या घरात यातले बहुधा काहीच नसते.

पहिले कारण उष्णता. नळी वर उष्णता सोडते आणि सर्किट बुडात असते. दिवा छताला उलटा टांगला की ती उष्णता सरळ सर्किटकडे चढते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मे होते, हा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे. बंद काचेच्या ग्लोबमध्ये बसवलेला सीएफएल उघडला तर कपॅसिटरचे डोके फुगलेले आणि पट्टी करपलेली आढळते, नळी मात्र बहुधा पांढरीशुभ्र असते. ग्राहक म्हणतो ‘ट्यूब गेली’. बहुतेक वेळा गेलेले असते सर्किट.

दुसरे कारण वारंवार चालू-बंद करणे. प्रत्येक वेळी फिलामेंटवरचा लेप थोडा उडतो. पीटीसी नसलेल्या दिव्यात तो जास्तच उडतो. लेप संपत आला की नळीची टोके काळी पडतात. टोके काळी असतील तर नळी संपली आणि टोके स्वच्छ असतील तर दोष सर्किटचा, ही ओळख वायरमन मंडळी नेहमी वापरतात आणि ती बऱ्याच अंशी बरोबर आहे.

तिसरे कारण जागेचे आहे. पोल्ट्रीच्या शेडमध्ये अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी दिवस आणि दिवा मिळून सुमारे १६ तास उजेड ठेवतात. तेथे दिवा सलग चालतो, जे त्याला मानवते. पण खाद्याची धूळ बुडाच्या छिद्रांतून आत बसते आणि अमोनियामुळे तांबे गंजते. अशा ठिकाणी सर्किट हमखास लवकर जाते.

व्होल्टेज कमी-जास्त झाले तर काय होते?

कमी व्होल्टेजच्या बाबतीत इलेक्ट्रॉनिक सीएफएल आपल्या ग्रामीण भागासाठी चांगलाच ठरला. संध्याकाळी शेतीपंप सुरू झाले आणि व्होल्टेज पडले की तांब्याच्या चोकची ट्यूब नुसती फडफडत राहते, पिवळा बल्ब निखाऱ्यासारखा होतो. सीएफएल उजेड कमी करतो, पण पेटतो. भारनियमनाच्या वर्षांत इन्व्हर्टरवर साठ वॉटचा एक बल्ब चालवण्याऐवजी चौदा वॉटचे चार सीएफएल चालवता येत, हेही त्याच्या प्रसाराचे मोठे कारण होते.

जास्त व्होल्टेज मात्र त्याला सोसत नाही. २३० व्होल्ट एसीचे शिखर सुमारे ३२५ व्होल्ट असते आणि आतला कपॅसिटर ४०० व्होल्टचा असतो, म्हणजे पुरवठा २८० व्होल्टच्या पुढे गेला की तो मर्यादेला टेकतो. थ्री-फेज जोडणीत न्यूट्रल सुटला तर एका ओळीतले सगळे सीएफएल एकाच वेळी जाऊ शकतात. असे घडल्यास नवे दिवे आणण्यापूर्वी न्यूट्रलची जोडणी तपासून घ्यावी.

बटण बंद असतानाही दिवा मधूनमधून का लुकलुकतो?

बटणावर लाल इंडिकेटर असेल तर त्यातून अगदी सूक्ष्म विद्युतप्रवाह सतत दिव्याकडे जात राहतो. तो कपॅसिटरमध्ये साठतो, पुरेसा साठला की डायअ‍ॅक सुटतो, नळी क्षणभर चमकते आणि साठा संपतो. इंडिकेटर नसतानाही असे होत असेल तर बहुधा बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेले आहे. त्या स्थितीत बटण बंद असूनही होल्डरमध्ये वीज राहते, त्यामुळे ती जोडणी तातडीने दुरुस्त करावी.

डिमरवर सीएफएल चालतो का?

साधा चालत नाही. फेज कापणाऱ्या डिमरमुळे कपॅसिटरला तुटक, टोकदार विद्युतप्रवाह मिळतो. दिवा गुरगुरतो आणि लवकर निकामी होतो.

विजेची बचत प्रत्यक्षात किती होते?

साठ वॉटचा पिवळा बल्ब सुमारे ७०० ल्युमेन (उजेड मोजण्याचे एकक) उजेड देतो, म्हणजे दर वॉटला बारा ल्युमेनच्या आसपास. चांगला सीएफएल दर वॉटला ५० ते ६५ ल्युमेन देतो. साठच्या जागी चौदा वॉटचा दिवा रोज पाच तास लावला तर वर्षाला सुमारे ८४ युनिट वाचतात. ही बचत नेमकी संध्याकाळच्या गर्दीच्या वेळेत होते, हे तिचे खरे मोल आहे. १,९६० मेगावॅट क्षमतेच्या आपल्या कोयना प्रकल्पाचे पाणी मुख्यतः याच वेळेची वाढीव मागणी भागवण्यासाठी राखले जाते. त्या वेळी वाचलेले युनिट मध्यरात्रीच्या युनिटपेक्षा मोलाचे असते.

पॉवर फॅक्टर कमी असल्याची तक्रार खरी आहे का?

खरी आहे. साध्या सीएफएलचा पॉवर फॅक्टर, म्हणजे तारांतून ओढलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा वाटा, ०.५ ते ०.६ इतकाच असतो, कारण कपॅसिटर शिखराच्या क्षणीच विद्युतप्रवाह ओढतो. घरगुती मीटर प्रत्यक्ष वॉट मोजतो, त्यामुळे बिलावर परिणाम होत नाही. तारांवर आणि ट्रान्सफॉर्मरवर मात्र थोडा जास्त ताण येतो. मंगल कार्यालयासारख्या ठिकाणी शेकडो दिवे जनरेटरवर लावताना हा हिशेब धरावा लागतो.

पांढरा उजेड घ्यावा की पिवळसर?

खोक्यावरचा २७०० केल्विन हा आकडा पिवळसर आणि ६५०० केल्विन हा निळसर पांढरा उजेड दाखवतो. आपल्याकडे दुकानदार जवळजवळ नेहमीच ६५०० चा दिवा देत, कारण पांढरा उजेड जास्त वाटतो. दोन्हींची वीज सारखीच असते. सांगलीच्या गणपती पेठेत हळदीचा किंवा गुळाचा रंग पाहून भाव ठरवणाऱ्याने कोणत्याच सीएफएलखाली माल पारखू नये, कारण तीन पट्ट्यांच्या उजेडात पिवळ्या-तांबूस छटांमधला बारीक फरक नीट कळत नाही. त्यासाठी दिवसाचा उजेडच योग्य.

दिव्यातून येणारे अतिनील किरण घातक असतात का?

काच बहुतेक किरण अडवते. ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेने २००८ मध्ये असा सल्ला दिला होता की उघड्या नळीच्या सीएफएलपासून ३० सेंटिमीटरपेक्षा कमी अंतरावर दिवसातून एक तासाहून जास्त बसू नये. छताच्या दिव्याला हा प्रश्न येत नाही. सोनाराच्या किंवा घड्याळदुरुस्तीच्या टेबलावरील दिव्याला येतो. तेथे बाहेरून दुसरी काच असलेला दिवा वापरावा.

दिव्यात पारा किती असतो? फुटला तर काय करावे?

साधारण ३ ते ५ मिलिग्रॅम. काचेच्या तापमापीत तो याच्या शंभरपट, म्हणजे अर्धा ग्रॅम किंवा अधिक असतो. दिवा फुटला म्हणून घाबरण्याचे कारण नाही, पण निष्काळजीपणाही नको. पंखा बंद करावा, खिडक्या उघडाव्यात, मुलांना बाहेर काढून दहा-पंधरा मिनिटे खोली मोकळी ठेवावी. त्यानंतर जाड पुठ्ठ्याने काचा गोळा करून उरलेली भुकटी चिकटपट्टीने आणि ओल्या कागदाने टिपावी आणि सर्व झाकणाच्या बरणीत ठेवावे. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये. त्याने भुकटी हवेत उडते.

न फुटलेला जुना दिवाही घंटागाडीत टाकू नये. २०१६ च्या ई-कचरा नियमांपासून पारा असलेले दिवे ई-कचऱ्यात मोडतात, त्यामुळे ते अधिकृत संकलकाकडेच जायला हवेत. व्यवहारात तालुक्याच्या गावी असा संकलक सहज सापडत नाही, आणि या दिव्याच्या विकासातला सर्वांत दुबळा दुवा माझ्या मते हाच राहिला: दिवा घरोघर पोचवण्याची व्यवस्था झाली, परत घेण्याची झाली नाही. तोपर्यंत जुने दिवे मूळ खोक्यात, मुलांच्या हाताला न लागतील असे साठवून ई-कचरा गोळा करण्याच्या शिबिरात एकत्र द्यावेत.

कृष्णेच्या पुरात बुडालेले दिवे वाळवून वापरावेत का?

वापरू नयेत. नळी बंदिस्त असल्याने तिला पाण्याने काही होत नाही, परंतु बुडाच्या छिद्रांतून गाळ सर्किटवर बसतो आणि वाळल्यावरही हवेतला ओलावा धरून ठेवतो. सांगलीत २०१९ च्या पुरानंतर असे दिवे उन्हात वाळवून पुन्हा लावले गेले. काही चालतातही, पण ३०० व्होल्टच्या भागांत गाळाचा थर ठेवून दिवा लावणे हा आगीला आमंत्रण देण्याचा प्रकार आहे. होल्डरही बदलावेत.

बंद पडलेला सीएफएल दुरुस्त करणे परवडते का?

फ्यूजचा रेझिस्टर, कपॅसिटर किंवा ट्रान्झिस्टर बदलून दिवा चालू होतो, आणि एक काळ असा होता की साताऱ्यात राजवाड्याजवळच्या दुकानांतून हे काम थोड्या पैशांत होत असे. आज ते परवडत नाही. शिकण्यासाठी करायचे असेल तर दिवा होल्डरमधून काढून काही वेळ थांबावे आणि कपॅसिटरचा साठा रेझिस्टर लावून उतरवावा. उघडताना काचेला धरून पिळू नये, बुडाला धरावे.

सरकारने स्वस्त दिवे दिले होते, ती योजना कोणती?

ऊर्जा दक्षता ब्युरोची बचत लॅम्प योजना २००९ मध्ये सुरू झाली. जुना पिवळा बल्ब देऊन १५ रुपयांत सीएफएल मिळे आणि उरलेली किंमत कार्बन क्रेडिट (कार्बन उत्सर्जन घटवल्याबद्दल मिळणारी, विकता येणारी प्रमाणपत्रे) विकून भरून काढायची होती. २०१२ च्या सुमारास कार्बन क्रेडिटचे भाव कोसळले आणि योजनेचा आर्थिक पायाच खचला. पुढे ५ जानेवारी २०१५ पासून सुरू झालेल्या उजाला योजनेने थेट एलईडी बल्ब दिले.

मग एलईडीपुढे सीएफएल मागे का पडला?

किंमत हे पहिले कारण. सरकारी खरेदीत एलईडी बल्ब २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडत होता, तो २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. इतक्या कमी किमतीत काच वळवून, पारा भरून, महाग भुकटी लावून सीएफएल करणे अशक्य होते. एलईडी लगेच पेटतो, त्यात पारा नसतो आणि चालू-बंद करण्याने तो झिजत नाही. जनरल इलेक्ट्रिकने २०१६ मध्ये अमेरिकेसाठी सीएफएल बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले. पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारात भारत २०१८ पासून सहभागी आहे. त्यातील देशांनी २०२२ मध्ये ठरवले की चोक आतच असलेल्या सीएफएलचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२५ पर्यंत थांबवावी.

बुडात कोंडलेल्या सर्किटचा प्रश्न मात्र एलईडीनेही वारशाने घेतला आहे. स्वस्त एलईडी बल्ब उघडला तर आतही तापून गेलेले तेच इलेक्ट्रॉनिक भाग सापडतात.

कार्यालयातील छतात पिनचे सीएफएल आहेत. ते बदलताना काय पाहावे?

आधी पिन मोजाव्यात. दोन पिनच्या नळीत स्टार्टर बुडातच असतो आणि छतात तांब्याचा चोक असतो. चार पिनची नळी बहुधा इलेक्ट्रॉनिक चोकवर चालते. तीच पिन असलेली एलईडी नळी मिळते, परंतु काही प्रकार जुन्या चोकवर चालतात आणि काहींसाठी चोक वगळून थेट २३० व्होल्ट जोडावे लागतात. कोणता प्रकार आहे हे खोक्यावर पाहूनच खरेदी करावी. चोक वगळला असेल तर फिटिंगवर तशी ठळक चिठ्ठी लावावी, कारण नंतर कोणी त्यात जुनी सीएफएल नळी बसवली तर तिला आवर घालणारे काहीच उरलेले नसते.